बर्फात मेलेली दुकानवाली

आमच्या आत्यानं अमेरिका ऐकली ती वडिलांच्या तोंडून, आणि तिथंच तिचा घात झाला.

वडील निजामाच्या राज्यात, कळमनुरीला तहसिलीत कारकून होते. त्यांची ही बहीण बालविधवा, माहेरीच राहिलेली. नांदेडच्या दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकायला बाया घेतात, हे कळल्यापासून तिनं जायचा ध्यास घेतला होता. वडील वाईट नव्हते, भित्रे होते. आणि भित्र्या माणसाला नाही म्हणायलाही पुरावा लागतो. घर सोडून नोकरी केलेली बाई आमच्या गावात दाखवायची कुठली? म्हणून त्यांनी कचेरीतल्या मुन्शीकडून एका अमेरिकन कादंबरीचा उर्दू तर्जुमा आणला. शुक्रवारच्या सुट्टीत दुपारी ते तो मराठी करून वाचायचे. आई, आत्या आणि मी निवडणटिपण करत ऐकायचो.

त्यातली पोरगी खेड्यातून शहरात येते, मोठ्या दुकानात हातमोजे विकते. मालकाचा मुलगा तिला फसवतो आणि शेवटी ती बर्फात मरून पडते. बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, तरी आईनं डोळे पुसले.

वडिलांनी पुस्तक मिटलं. "पाहिलंस? तिथं ही गत, मग इथं काय होईल?"

आत्या तुरीतले खडे वेचत होती. "दादा, इतके शुक्रवार ऐकून राहिले मी. ती दिवसभर उभी राहून मोजे विकते, त्याचं एक पान तरी आलं का? तिला बर्फानं न्हाई मारलं, लिहिणाऱ्यानं मारलं."

"अन् त्यानं काहून मारावं?"

"जिती ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर धाडावं लागलं असतं."

वडील हसले. नांदेडचा विषय तिथंच संपला.

दोन वर्षांनी आई बाळंतपणात अडली. गावची सुईण नेमकी परगावी गेलेली. आत्या सकाळपासून आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "मला येत न्हाई गं वहिनी, काहीच येत न्हाई," एवढंच ती म्हणत होती. दिवस मावळायच्या आत आई गेली, बाळही गेलं.

तेराव्यानंतर वडील खाली मान घालून म्हणाले, "आता जा तू नांदेडला."

आत्यानं आम्हा तिघा भावंडांकडं पाहिलं. "अन् ही लेकरं कुणाच्या गळ्यात घालू?"

पुढं मी बऱ्याच अमेरिकन कादंबऱ्या वाचल्या. नोकरी करणारी बाई त्यांत एक तर लग्न करून सुटते, नाही तर मरते. कामावरून आली, जेवली, झोपली, सकाळी पुन्हा गेली, अशी फार क्वचित भेटली. मला त्या लेखकांचा राग येतो. वडिलांचा जास्त येतो.

आईनंतर काही वर्षांनी शिरगणतीवाला दारात आला. घरातली माणसं लिहून घेताना त्यानं विचारलं, "बहीण काय काम करते?"

"काही न्हाई," वडील म्हणाले, "घरीच असते."

आत्या आत जात्यावर होती. तिनं ऐकलं आणि दळत राहिली.