आटवलेलं पाणी

त्यांना सगळे वाढीवबाबा म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. चहात साखर एक चमचा वाढीव, पाहुण्याला आग्रह एक घास वाढीव, आणि भाजीच्या वाफ्यात खत तर हमखास मूठभर वाढीव. पिशवीवर लिहिलेलं प्रमाण म्हणजे कंपनीचा चिक्कूपणा, अशी त्यांची पक्की समजूत होती. वर एक दिवसाआड मोटर लावून वाफे काठोकाठ भरायचे. पालक असा माजायचा, की बाजारात त्यांच्या जुड्या सगळ्यांच्या आधी संपायच्या. त्यामुळे त्यांना शहाणपण शिकवायला जाणार कोण?

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी जवळच राहायची आणि फळं पेट्यांत भरायच्या कारखान्यात कामाला जायची. जावई ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तिची तीन महिन्यांची लेक दिवसभर आजोबांकडे असायची. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून आजोबाच तिला बाटलीने पाजायचे.

पाणी वाफ्यांच्या कडेच्या विहिरीचं. पण बाबांनी त्यात कसूर ठेवली नव्हती. बाकीचे पाणी उकळतात, हे आटवायचे. सकाळी पातेलं शेगडीवर चढवायचं आणि निम्मं होईपर्यंत समोरून हलायचं नाही. जितकं आटेल तितकं शुद्ध, असं त्यांचं गणित. हे सगळं ते जीव ओतून करत होते, एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांना नावं ठेवणारे पैशाला पासरी निघाले.

एका संध्याकाळी मुलगी कामावरून आली, बाळाला उचललं आणि दाराच्या उजेडात नेलं.

"बाबा, हिचे ओठ असे का दिसतायत?"

ओठ निळसर करडे होते, नखंही तशीच. बाळ रडतही नव्हतं, नुसतं मलूल पडून होतं. शेजाऱ्याच्या गाडीतून दोघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी सुईने औषध दिलं, मग विचारलं, "दुधात पाणी कुठलं घालता?"

"विहिरीचं," बाबा म्हणाले, आणि आवाजात थोडी ऐटही होती. "पण निम्मं आटवून देतो."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "आजोबा, उकळलं की जंतू मरतात. खतातून आलेला नायट्रेट नाही उडून जात. पाणी निम्मं झालं, की तो दुप्पट दाट होतो. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू वाहून नेता येत नाही."

"खत तर मी वाफ्यात घालतो. ते विहिरीत कशाला जाईल?"

"मुळांना लागतं तेवढं मुळं घेतात. उरलेलं तुम्ही भरलेल्या पाण्याबरोबर खाली उतरतं."

बाळ वाचलं. दोन दिवसांत ओठांवर गुलाबी रंग आला. बाबा मात्र दवाखान्याच्या बाकावर गार होऊन बसले होते. शेतात आपण, शेगडीपाशीही आपणच. दोष द्यायला तिसरं माणूसच सापडेना, आणि तसं कुणी सापडलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

मुलीने एवढंच केलं, की ती बाळाला तीन गल्ल्या पलीकडे आपल्या मावशीकडे ठेवायला लागली. बाबांकडे येताना ती नळाच्या पाण्याचा कॅन सोबत आणायची, बाटली स्वतः भरायची आणि तासाभरात बाळाला घेऊन निघायची. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग बाबांनी माती तपासून घेतली. कागदावर आलं, की पुढच्या दोन पिकांना पुरेल एवढं खत जमिनीत आधीच पडून आहे. म्हणजे इतकी वर्षं ते भरल्या पोटाला वाढत होते. त्यांनी खत जवळजवळ बंद केलं, पुढे लागेल तेव्हा थोडं थोडं द्यायचं ठरवलं. वाफे भरणं सोडून ठिबकच्या नळ्या टाकल्या. विहिरीभोवती दहा पावलं जागा सोडून गवत वाढू दिलं. पालक जरा फिका निघाला. बाजारातली मंडळी म्हणाली, "काय वाढीवबाबा, हात आखडला?" ते जुड्या रचत राहिले.

दर महिन्याला ते विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासणीला न्यायचे. नायट्रेटचा पहिला आकडा ब्याण्णव होता. तो पंचेचाळीसच्या आत यायला हवा होता. आकडा उतरला, की कागद मुलीसमोर ठेवायचा आणि नात परत मागायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. चौथ्या महिन्यात आकडा आला एकशे एक.

"चुकलं असेल," ते प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईंना म्हणाले. "खत तर मी थांबवलंय."

"आत्ताचं थांबवलंत. आधीचं अजून खाली उतरतंय, आजोबा. साफ व्हायला आठ-दहा वर्षं धरा."

तो कागद खिशात ठेवून ते घरी आले. वाटेत दोनदा वाटलं, फाडून टाकावा. मुलीला काय कळणार होतं? पण सुट्टीच्या दिवशी ती आली तेव्हा त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

"वर गेलंय," ते म्हणाले. "कमी झालं की सांगणार होतो. आता माझ्या हयातीत होईल की नाही, कोण जाणे. तू बाळाला मावशीकडेच ठेव. आणि शेजारच्या सुनेला दिवस गेलेत, तिलाही मी सांगून आलोय, आपल्या बाजूच्या कुठल्याच विहिरीचं पाणी बाळाला देऊ नकोस म्हणून."

"आपल्या वाफ्यांमुळे झालं, हेही सांगितलंत?"

"सांगितलं."

मुलीने कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. मग तिने बाळाला बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि कॅन ओट्यावर चढवला.

"उद्यापासून हिला सकाळी इथेच सोडते," ती म्हणाली. "मावशी जपते, त्यात वाद नाही. पण तिच्या हातून काही चुकलं, तर ती मला सांगेल याची मला खात्री नाही."