न भरणारी टाकी

परीक्षानळीतलं पाणी गुलाबी होताना मी पुष्कळदा पाहिलंय. तरी दर वेळी वाटतं, इथे नको.

गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासणं हे माझं काम. आज ज्या घरी गेले, तिथल्या काकांनी आधी परसातली संडासाची टाकी दाखवली. "बांधल्यापासून एकदाही उपसावी लागली नाही हो. तळ मुद्दाम मोकळा ठेवलाय. जांभ्याची जमीन, सगळं पिऊन टाकते."

जमीन पिते, हे खरंच. पण प्यायलेलं ती पोटात ठेवते थोडीच? दहा-बारा पावलांवर, उताराला, त्यांची विहीर. कातळातल्या भेगांना सोवळं-ओवळं कळत नाही. डोळ्यांआड झालं की गेलं, असं आपणच समजतो. घाणीचं काय आणि दुसऱ्या कशाचं काय.

विहिरीचं पाणी नितळ होतं. वास नाही. नळी तेवढी गडद गुलाबी झाली.

"काका, यात नायट्रेट आहे, टाकीतल्या मैल्यातून झिरपलेलं. तान्ह्या बाळाला हे पाणी चालायचं नाही."

"बाळाच्या दुधाचं पाणी मी निम्मं होईपर्यंत उकळते, ताई," आतून सून म्हणाली. "एक दिवस चुकवत नाही."

उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. पाणी आटतं, आणि हे तेवढंच मागे उरतं. तिने जितकी काळजी घ्यावी, तितकं ते दाट होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला.