श्रीपतरावांचं पुसलेलं नाव

गुंडेरावांच्या पायाला भिंगरी. खुर्चीत घटकाभर टिकतील तर शप्पथ! हुमनाबादकडच्या एका साखर कारखान्यात तीस वर्षं ऊसनोंदीचे कारकून. मेलेल्या सभासदाचं नाव तांबड्या शाईनं कापायचे, पण असं की खालची अक्षरं वाचता यावीत. "माणूस गेलं तरी नाव दिसलं पायजे," म्हणायचे.

अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आन् झालं! साहेबांनी फर्मान काढलं: मेलेली, सोडून गेलेली, नको ती सगळी नावं सोमवारच्या आत काढा, उरलेल्या यादीवरनंच ऊसतोडीच्या पाळ्या लागणार. बटण दाबलं की नाव गायब, मागं रेघसुद्धा न्हाई. गुंडेराव दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या काचेत डोळे घालून बसायचे आन् आतल्या आत तडफडायचे.

शुक्रवारी कोहिनूर गावच्या राजूबाई आल्या. "अण्णा, घरचं माणूस गेलंय. नाव काढा म्हनून आले."

"कुणाचं?"

राजूबाई गप्प. नवऱ्याचं नाव बायका घेत न्हाईत, हे का गुंडेरावांना शिकवायला पायजे? काचेवरची नजर न हलवताच त्यांनी विचारलं, "श्रीपतरावांच्या घरच्या ना तुम्ही?"

"व्हय."

दाबलं बटण. श्रीपतराव गेले.

राजूबाई उठून निघाल्या, तशी काकणं वाजली. बाई दिसेनाशी झाल्यावर गुंडेराव चमकले. विधवेच्या हातात काकणं?

त्यांना जेवण गोड लागेना. कानात नुसती किणकिण. शनिवारी सकाळी पहिल्या बसनं कोहिनूर गाठलं, तर श्रीपतराव शेतात ज्वारी पेरायलेले, धडधाकट! गेला होता तो त्यांचा थोरला भाऊ अंकुशराव. त्याची बायको इतक्यात घराबाहेर पडायची नव्हती, म्हणून जाऊ आली होती. आन् थोरल्या दिराचंही नाव घ्यायचं नसतं की!

दारात राजूबाई उभ्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गुंडेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्का, मी तुमच्या धन्याचंच नाव पुसलो. मान वर करून तुमच्याकडं बघितलोच न्हाई."

"कामून हो? डोळे फुटले होते का?" राजूबाई कडाडल्या आन् तशाच त्यांच्यासंगं बसमध्ये चढल्या.

साहेब म्हणाले, "नवा अर्ज करा. पाळी शेवटची." शेवटची म्हणजे चैत. तवर उसाचं चिपाड! गुंडेराव तरातरा रद्दीच्या ढिगात घुसले आन् जुनं रजिस्टर आणून साहेबांपुढं आपटलं. श्रीपतराव, पाळी चौदावी, तांबडी रेघ न्हाई. साहेब कुरकुरले, पण सही केली.

गुंडेराव मशीनपुढं बसले आन् सवयीनं बोलून गेले, "नाव?" लगेच जीभ चावली.

राजूबाईंनी हात जोडून डोळे मिटले. "श्रीपतराव," त्या म्हणाल्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पहिल्यांदाच. मग डोळे उघडून ओरडल्या, "लिवा की आता! का अजून एकदा मारायचं हाय त्यास्नी?"