चार लाल मण्यांनंतर

दगडाबाईची माळ गळ्यात घालायची नव्हती. पत्र्याच्या डब्यात ती वेटोळं करून ठेवलेली असायची आणि उलगडली तर अर्धी ओसरी भरायची.

निजामाच्या राज्यातलं ते सोनपेठ. लेकरं घरातच जन्मायची आणि बहुतेक दगडाबाईच्या हातावर. ती अठरा वर्षांची असताना तिचा नवरा पटकीनं गेला. मंगळसूत्राच्या तुटलेल्या पोतीचे काळे मणी तिनं चिंधीत बांधून ठेवले आणि सासूच्या मागे मागे फिरून ती सुइणीचं काम शिकली. तिनं एकटीनं केलेलं पहिलं बाळंतपण मुलाचं. लिहिता येत नव्हतं, म्हणून आठवणीला तिनं चिंधीतला एक काळा मणी दोऱ्यात ओवला. पुढं मुलगी झाली तेव्हा बाजारातून लाल मणी आणले. जे लेकरू रडलंच नाही, त्याला मणी नाही, दोऱ्याची गाठ. बावीस वर्षांत वीस विसा, म्हणजे चारशे, आणि वर बारा मणी झाले.

दुपारी घर निवांत झालं की ती डोळे मिटून माळ बोटांतून सोडायची. मग तिला गोदावरीचा काठ दिसायचा. पाणी पांढरं, ऊन पांढरं, आणि पलीकडून लेकरांची रांग चालत यायची. ओली पावलं वाळूत उमटायची आणि विरायची. पुढं कोण गेलं, मागून कोण येतंय, कुणी बघायचं नाही. प्रत्येक जण आपापल्या तंद्रीत. रांग कधी संपायची नाही, झोप मात्र लागायची.

तरुणपणी तीही पोट बघून पोरगं की पोरगी सांगायची. दहा ठिकाणी सांगितलं की पाच ठिकाणी खरं निघायचं. ज्यांचं खरं निघालं ते गावभर सांगत फिरायचे, ज्यांचं चुकलं ते गप्प बसायचे. त्यानं तिचं नाव झालं. एका घरी मात्र तिनं सांगितलं म्हणून आधीच पेढे वाटले आणि झाली मुलगी. त्या बाळंतिणीला दोन दिवस कुणी पेज दिली नाही. तेव्हापासून तिनं सांगणं बंद केलं.

माणिकरावांच्या नर्मदाबाईंचा मुलगा अप्पाराव, सून पद्मजा. तिला चार मुली. पाचव्यांदा दिवस गेले तसा नर्मदाबाईंना हुरूप चढला. त्यांनी लहानसं झबलं शिवलं, टोपीला जर लावली.

"चार पोरी झाल्या. आता पाळी पोराची," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "पाळी असून न्हाई झालं, तर मग सुनंच्या पोटातच खोट हाय. अप्पानं पाथरीची पोरगी बघून ठेवलीय."

आठव्या महिन्यात दगडाबाई तेल लावायला गेली. पद्मजानं तिचं मनगट धरलं.

"दगडामाय, बगा ना. काय हाय?"

"लेकरू हाय."

"पोरगी झाली तर ह्ये दुसरी आणणार. मी ह्या चौघींना घेऊन कुठं जाऊ?"

 हातावरचं तेल पुसत दगडाबाई ओसरीवर आली. नर्मदाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"पाळी हाय म्हणता, तर मोजून बघा की एकदा," ती म्हणाली.

"काय मोजू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. ओसरीवर माळ पसरली. गावातली बावीस वर्षांतली बहुतेक लेकरं त्या दोऱ्यावर होती. अप्पाराव त्यात नव्हता, तो त्याआधीचा, जुन्या सुइणीच्या हातचा.

"चार लाल सलग आले की थांबायचं," दगडाबाई म्हणाली. "पाचवा काळा निघाला तर उजवीकडं ज्वारीचा दाणा ठेवा, लाल निघाला तर डावीकडं, आन पुढं नव्यानं मोजा. मग बघा, पाळी येते का."

नर्मदाबाईंनी हसत सुरुवात केली. पहिल्यांदा चार लाल आले, पाचवा काळा. "बघितलं?" दुसऱ्यांदा लाल. त्यांनी तो मणी नखानं खरवडून पाहिला. ऊन ओसरीच्या खांबावरून खाली उतरत गेलं. दाराआड पद्मजा धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती, थोपटणारा हात मधेच थांबत होता. एके ठिकाणी लालच लाल येत राहिले.

"आठ! आठ कसे गं बाई?"

"आले. असेच सात काळेबी हायत पुढं. तवा कुणी विचारलं न्हाई."

माळ संपली. चार लाल तेरा वेळा आले होते. उजवीकडं सात दाणे, डावीकडं सहा.

"सात!" नर्मदाबाई म्हणाल्या.

"उद्या चार लालांवर आणिक एक लाल ओवला की सात-सात. पाळी कुठं राहिली?"

"हे येगयेगळ्या घरचे मणी. एका घरात तसं नसतं."

"धुरपताबाईला चार पोरींवर पोरगं. चतुराबाईला पाच पोरींवर सहावीबी पोरगी. दोघींना तेल मीच लावलं, मला तर फरक दिसला न्हाई. पोटातल्या लेकराला काय ठावं, आपल्या आधी कोण आलं?"

नर्मदाबाईंनी दाणे गोळा केले नाहीत. त्यांच्याकडं बघतच त्या म्हणाल्या, "आन पाथरीची पोरगी?"

"तिच्यासाठी मी येगळी माळ कुठून आणू? तिलाबी हेच मणी. आता इथं एक चूल हाय, मग दोन व्हतील. भांडणं तुमच्याच ओसरीवर यायची."

मार्गशीर्षात, सकाळचं ऊन वर येताना पद्मजा बाळंत झाली. मुलगी.  लेकरू रडत होतं, जोरात, कुणाचीही पर्वा न करता. पद्मजानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

बाहेर अप्पारावानं रडणं ऐकलं; आनंदानं सांगायला कुणी बाहेर आलं नाही, त्यावरून काय झालं ते त्यानं न विचारताच ओळखलं. तो बैल जुंपू लागला.

"कुठं निघालास?" नर्मदाबाई दारात आल्या.

"पाथरीला. ठरल्यापरमाणं."

"बैल सोड."

"माय, तूच म्हणलीस ना, पाळी—"

"म्हणले होते. नंतर मी मोजलं. पाथरीच्या पोरीकडं काय काळ्या मण्यांचा डबा हाय? सोड बैल, आन बाजारातून बाळंतिणीला डिंक घेऊन ये."

अप्पारावानं बैल सोडले, पण रागानं. महिनाभर तो घरात धड बोलला नाही. पाथरीला मात्र गेला नाही.

आत नर्मदाबाईंनी दगडाबाईपुढं हात केला. "दे इकडं. मी ओवते." दोऱ्याचं टोक त्यांनी ओठांत धरून ओलं केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लाल मणी दोऱ्यावरून घसरत खाली गेला आणि बाकीच्यांना जाऊन लागला. पद्मजानं मान वळवून पाहिलं. सासूनं जरीची टोपी लेकराच्या डोक्यावर घातली. ती डोळ्यांवर आली, तशी वर सारली.

"दगडाबाई, आता सहाव्याला काय व्हईल गं?"

दगडाबाई डब्याचं झाकण लावत होती. तिच्या डोळ्यांपुढं पांढरं पाणी होतं आणि नुकतंच उमटलेलं एक ओलं पाऊल.

"मणी दोनीबी रंगाचे हायत डब्यात," ती म्हणाली.