आयुष्याचा रकाना

हिरामण गेल्याचा फोन आला तेव्हा मी घराचा जिना चढत होतो. त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज अगदी कोरडा होता. "भाऊ, हे गेले... सकाळी चहा मागितला, आणि कप हातात द्यायच्या आत गेले." खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी जिवलग मित्र गेला आणि माझ्या डोक्यात खेळातल्या पत्त्यावरचा एक जुना आकडा फिरू लागला. तो पत्ता त्याच्याकडेच होता, शाळेपासून.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात आम्ही शेजारी होतो. त्याचे वडील गँगमन, मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, त्यामुळे हिरामण अहिराणीतच बोलायचा आणि वर्गात मार खायचा. नव्वद साल उजाडायच्या आसपास पैलवानांच्या पत्त्यांचं खूळ आलं होतं. उंची, वजन, छाती, दंड... एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचं पान घ्यायचं, आणि जिंकेल त्यानंच पुढची हाक द्यायची. त्या गड्डीत एक राक्षस होता, सगळ्याच रकान्यांत भारी. तो हाती आला की मी नाचायचो. हिरामण मात्र वैतागायचा. "एकच पान बठ्ठं जिंकस, मंग खेळ कसाले?" बठ्ठं, म्हणजे सगळं, एकट्यानंच जिंकणारं पान त्याला नको होतं.

म्हणून त्यानं स्वतःची गड्डी केली. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चाळीस पानं, आणि त्यावर आमच्या वस्तीतली माणसं! पॉइंट्समन नाना, लंगडा शिंपी, आमचे गणिताचे मास्तर, आम्ही दोघं, माझी आई. ताकद, धाव आणि डोकं असे तीन रकाने त्याचे. चौथा मी सुचवला, आयुष्य. कुठून सुचलं देव जाणे. प्रत्येक पानाची बेरीज दोनशेच हवी, हा त्याचा कडक नियम. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कापायचं. खेळापूर्वी दोघांनी आपापली दहा पानं निवडायची. मी सगळे दांडगे निवडायचो. तो चतुर, दोन ताकदीचे घ्यायचा, दोन धावणारे, बाकी असेच मरतुकडे. एकदा हाक त्याच्याकडे गेली की शिंप्याच्या डोक्याच्या आकड्यापुढे माझे पाच पहिलवान गारद.

आईचं पान मी लिहिलं. माझी आई हरता कामा नये! ताकद पंचाहत्तर, डोकं पंचाहत्तर, धाव पंचवीस. उरले पंचवीस, ते आयुष्यात टाकले. म्हटलं, ताकदीनं जिंकत गेलं की हाक आपलीच, आयुष्याचं विचारतो कोण?

पुढच्याच महिन्यात आईला कावीळ झाली. आधी बोदवडचं झाडपाल्याचं औषध झालं, मग ती उठेना, तेव्हा जळगावला दवाखान्यात नेलं. डोळे हळदीसारखे पिवळे. बाबा ड्युटीवरून थेट दवाखान्यात जायचे. आणि मला त्या पानाची आठवण झाली. आई चौतीस वर्षांची होती. मी तिला पंचवीसच दिले होते... म्हणजे नऊ वर्षं आधीच जास्तीची झाली होती! हसाल तुम्ही. मी ताट तसंच सरकवून उठायचो. दारात सायकल वाजली तरी वाटायचं, निरोप आला की काय.

शेवटी हिरामणला सांगितलं. त्यानं मला वेड्यात काढलं नाही. गड्डी काढली आणि आईचं पान पुढ्यात ठेवलं. मी म्हटलं, "ताकदीतले काढून आयुष्यात टाक ना." तो म्हणाला, "ताकद काढी लिधी, तर मावशी लढी कशी?" मग दुसऱ्या कुणाच्या तरी पानातून काढायला हवे होते. गड्डीची बेरीज तरी तीच राहायला हवी. तो माझ्याकडे बघत थांबला. माझं पान तिथंच पडलं होतं, आयुष्य साठ. मी खाली मान घालून फरशी बघत बसलो. माझी आई, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. इतका मी भ्यालो होतो.

त्यानं स्वतःचं पान ओढलं. किडमिडीत पोरगा, ताकद पंधरा, पण आयुष्य पंचाण्णव. त्यातले चाळीस खोडले आणि आईच्या पानावर पासष्ट लिहिले. "रडू नको भो. मनाकडे गंज शेतस." म्हणजे, माझ्याकडे पुष्कळ आहेत. आई दोन आठवड्यांनी घरी आली. ती गड्डी आम्ही पुन्हा खेळलो नाही. मला तिचा धसका बसला होता, म्हणून पत्त्यांचा डबा त्यानंच ठेवून घेतला.

पुढे तो नरडाण्याला एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला, मी धुळ्यात नोकरीला. पाच वर्षांपूर्वी माझं हृदय दगा देता देता राहिलं. तो दवाखान्यात आला, मोसंबी सोलून दिली, नर्सची नक्कल केली आणि बससाठी घाईनं गेला. पत्त्यांचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही.

तेराव्याला वहिनींनी पत्र्याचा डबा हातात ठेवला. "तुम्हालाच द्यायचा म्हणायचे." तीन आठवडे तो कपाटावर होता, मी खोलीत जायचं टाळत होतो. काल उघडला. आईचं पान पासष्टचं. आई सत्तरी गाठून स्वयंपाकघरात कुकरशी भांडत होती. मग माझं पान. साठ खोडलेले आणि बाजूला नव्वद, निळ्या जेल पेननं, मोठ्या माणसाच्या अक्षरात. त्याचं पान शोधलं. पंचाण्णव खोडलेले, पंचावन्न खोडलेले, खाली पंचवीस. हे त्यानं माझ्या त्या दुखण्यात लिहिलं असणार, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

आकडे खोटे आहेत, मला कळतं. आईही तिच्या आकड्यापुढे जगली, तोही त्याच्या पंचवीसपुढे जगला होता. तरी पेन उघडून बसलो. माझ्या पानातले तीस खोडून त्याचे त्याला परत लिहायचे, एवढंच. अर्धा तास बसलो असेन... हात पुढे गेला नाही. पेनाला टोपण लावलं, माझं पान तसंच त्याच्या पानाखाली ठेवलं आणि डबा बंद केला. माझा हात पुढे जायचा नाही, हे त्याला आमच्या वयाच्या तेराव्या वर्षापासून ठाऊक होतं.