चेतनाची तोंडी परीक्षा

माझी बहीण चेतना गेली हे गावी दातिवऱ्याला मलाच फोन करून सांगावं लागलं. मनोरच्या पुढे हायवेच्या कडेला अँब्युलन्स थांबली होती, आतल्या डॉक्टरांनी मान हलवली होती, आणि मी रस्त्यावर उभी राहून बाबांचा नंबर लावत होते. सकाळी त्यांना एवढंच कळवलं होतं की थोडा ताप आहे, पालघरला दाखवून आणते. त्यांनी फोन उचलला आणि मला तोंडच उघडू दिलं नाही. "काय बाय, बरा वाटतं ना तिला? परीक्षेला जाईल ना? सांग तिला, यंदा आमी कोण अडवणार नाय..." पुढे मी काय बोलले, कोणत्या शब्दांत बोलले, मला खरंच आठवत नाही. बाबांना आठवत असेल. त्यांना विचारायची माझी हिंमत नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. लिही, म्हणजे मन हलकं होईल, असं लोक म्हणतात. हलकं-बिलकं काही होत नाही. पण तिच्याबद्दल गावात जे बोललं जातंय, की फार शिकली, जिवाला झेपलं नाही, ते ऐकून माझं डोकं फिरतं. शिकण्याने नाही गेली ती. कशाने गेली ते मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

चेतू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाबांची होडी, आई सफाळ्याच्या बाजारात मासे विकते. मी बिनलग्नाची, तारापूरच्या वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे आणि बोईसरला खोली घेऊन राहते. फ्रेंच तिच्या आयुष्यात आली ती माझ्यामुळेच. आमचा काही माल आफ्रिकेतल्या देशांत जातो. त्या खोक्यांत घालायच्या माहितीपत्रकांवर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच असते. छपाईत बिघडलेली पत्रकं मी घरी आणायचे, कडेच्या कोऱ्या जागेवर तिने गणितं करावीत म्हणून. ही बया गणितं सोडून दोन्ही बाजू जुळवत बसायची. आठवीत असेल तेव्हा. "ताई, 'मुलांच्या हाती लागू देऊ नका' हे मला फ्रेंचमध्ये येतं," असं तिने मला ऐकवलं, तेव्हा मी हसून हसून बेजार झाले होते.

मग मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच घेऊन बी.ए., आणि पुढे विद्यापीठात एम.ए. दातिवऱ्याच्या पहिल्या एसटीने निघूनही तिला मुंबईची गाडी मिळायची नाही, म्हणून ती माझ्याकडे बोईसरला राहायला आली. गावात चेष्टेला ऊत. "फ्रान्सला म्हावरा विकणार काय गो?" असं येता-जाता कोणीही विचारायचं. ती नाकातले उच्चार करत मोठ्याने फ्रेंच वाचायला लागली की बाबा म्हणायचे, "हिला सर्दी झालीय, काढा द्या." पण तिला नुसती भाषा नको होती, तिथली माणसं कशी जगतात, काय खातात, कशावरून भांडतात ते सगळं हवं असायचं. एकदा तिने आईला मोबाइलवर तिकडचा मासळीबाजार दाखवला. एक जाडी बाई गिऱ्हाइकावर ओरडत होती. आई डोळे बारीक करून बघत राहिली. "अगो, ही तं आमच्यासारकीच भांडते," म्हणाली, आणि मग, "पण मासा शिळा हाय. कल्ले बघ." चेतू जमिनीवर लोळून हसली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने हे फ्रेंचमध्ये सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला, असं मला तीनदा तरी सांगितलं असेल.

एम.ए.चे सगळे लेखी पेपर ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती. राहिली होती फक्त शेवटची तोंडी परीक्षा. आपल्या आवडीच्या विषयावर पंधरा मिनिटं फ्रेंचमध्ये बोलायचं आणि मग दोन परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्याशिवाय पदवी नाही. तिने विषय घेतला होता आमच्या गावातलं बोंबील वाळवणं. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर टाकायची, वारा कुठला हवा, दव पडलं तर काय करायचं, सगळं तिने आईच्या मागे फिरून लिहून घेतलं होतं. आई म्हणायची, "हे पण परीक्षेत विचारतात? मग मी कधीची पास."

आणि परीक्षेला सहा दिवस असताना आजा गेला. नव्वदीच्या घरातला म्हातारा, अंथरुणाला खिळलेला, सुटला बिचारा. पण सुतक म्हणजे सुतक. आमच्या घरात ते कडक पाळतात. दहा दिवस होडी किनाऱ्याला, आईचा बाजार बंद, घरातलं माणूस कोणाच्या दारात जात नाही. तिने विद्यापीठातल्या बाईंना फोन केला. बाहेरचे परीक्षक एकच दिवस येतात, तारीख बदलता येणार नाही, पुढच्या वर्षी बस, असं त्या म्हणाल्या. चेतू मला माडाखाली घेऊन गेली. "ताई, एक दिवस फक्त. पहाटे जाईन, दुपारी परत येईन, कोणाला शिवणार नाही. तू बोल ना बाबांशी. तुझं ऐकतात ते."

ऐकलं असतं त्यांनी. मी बोलले असते तर नक्की ऐकलं असतं. बाबा मनाने अर्धे तयारच होते, नुसतं कोणीतरी म्हणायला हवं होतं. पण ओटीवर सगळी भावकी बसलेली. आधीच पोरगी परकी भाषा शिकते म्हणून नाकं मुरडणारी ती माणसं, त्यात ही सुतकात मुंबईला गेली तर आईबापाला जगणं नकोसं करतील, असं माझ्या मनाने घेतलं. मी म्हणाले, "चेतू, एका वर्षाने काय बिघडतं? पुढच्या वेळी दे." ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी तू अडवणार नाहीस ना?" मी म्हणाले, "आईशपथ नाही."

ते वर्ष तिने कसं काढलं ते मी खोलीत रोज बघितलं. पदवी हातात नाही म्हणून नोकरी लागेना. बरोबरच्या मुली कामाला लागल्या, एक तर खरंच फ्रान्सला गेली. ही दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत राहिली. तारीख जाहीर झाली त्या दिवशी मात्र तिने बाजारातून स्वतः पापलेट आणलं, मला म्हणाली, "आता मेले तरी सोडणार नाही." असली अभद्र बोलणी आमच्या घरात चालत नाहीत. मी तिला फटका मारला होता पाठीत.

ताप आला तेव्हा परीक्षेला बारा दिवस होते. मला तिने सांगितलंच नाही. माझी शिफ्ट, मी घरी येईपर्यंत ती गोळी घेऊन बसलेली, घसा दुखतो म्हणायची. तिसऱ्या दिवशी चहाचा कप देताना हात लागला, तर चटकाच बसला मला. मी चप्पल घातली आणि म्हणाले, ऊठ, दवाखान्यात चल. तर ती गादीवर उठून बसली आणि हात जोडले हो तिने मला... माझ्या बहिणीने मला हात जोडले. "ताई, आत्ता नको. ॲडमिट करतील. घरचे येतील, गावाला नेतील, परीक्षा परत जाईल. दोन दिवस थांब. तू शपथ घेतलीयस."

आणि मी थांबले. शपथ पाळली ना मी! नको तेव्हा अडवलं आणि अडवायचं तेव्हा मोठी शब्दाची पक्की झाले. दोन दिवसांनी नाकातून रक्त आलं. पालघरच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि डेंगू आहे, फार उशीर केलात, मुंबईला हलवा, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. कोणाचंच चुकलं नाही, माझ्याशिवाय. आम्ही एकदा तिची वाट अडवली नसती, तर तिने ताप आमच्यापासून लपवला नसता. दीड महिना मी या एका वाक्याभोवती फिरते आहे, आणि त्यातून सुटायला मला कुठूनही वाट सापडत नाही.

आणखी एक राहिलं. अंगणात भावकी बसली आणि ठरलं, की मुलगी बिनलग्नाची, तेव्हा सुतक तीनच दिवसांचं. आजाला दहा, हिला तीन! तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला, "दीदी, एक्सपोर्ट का माल है, कल से आना पड़ेगा." चौथ्या दिवशी पहाटे आईने माझ्या हातात डबा ठेवला. "जा बाय," म्हणाली. "पोटाला कुठला आलाय सुतक." मला राहवलं नाही. "मग परीक्षेला कसं आलं होतं गं आई?" आईने डबा परत घेतला, झाकण घट्ट दाबलं आणि पुन्हा माझ्या हातात दिला. मला तिला बोलायचा काय अधिकार होता? माडाखाली तर मी उभी होते. मी तशीच एसटीत जाऊन बसले आणि पहिल्या शिफ्टला मशीनवर उभी राहिले. पुढच्याच आठवड्यात तिच्या परीक्षेची तारीख आली. त्या दिवशी आमच्या घरात कोणाला सुतक नव्हतं. तिचं स्वतःचंसुद्धा संपलं होतं.

तिचा मोबाइल माझ्याकडे आहे. त्यात मला एक रेकॉर्डिंग सापडलं, तापातच केलेलं असावं, आवाज बसलेला आहे. पंधरा मिनिटं ती फ्रेंचमध्ये बोलते. त्यातलं मला 'बोंबील' कळतं, 'दातिवरे' कळतं आणि एका ठिकाणी 'आई'. मग थोडा खोकला, आणि मराठीत, "हं, आता प्रश्न." पुढे अर्धं मिनिट काहीच नाही. मग एक उत्तर. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा उत्तर. परीक्षक विचारतील तेवढा वेळ सोडून तिने सराव केला होता, आणि असे पाच प्रश्न आहेत. कामावरून आले की मी दार लावून घेते आणि ते लावते. त्या रिकाम्या जागेत मला दुसरं काही सुचत नाही. मी विचारते, "चेतू, ताप कधीपासून आहे गं तुला?" ...आणि ती नीट, न अडखळता, फ्रेंचमध्ये उत्तर द्यायला लागते. मला त्यातलं काही कळत नाही.