व्हिनेगरात बुडवलेला इतिहास

आमच्या गावच्या बागकाम मंडळाचा सगळा इतिहास मी एका दुपारी बादलीत गोळा केला आणि व्हिनेगरात बुडवून ठेवला.

गाव जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरापासून गाडीने वीस मिनिटांवर. मंडळाला इथे फेराइन म्हणतात, आणि जो कुठल्याच फेराइनमध्ये नाही त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. म्हणून मीही सभासद झालो. गावाबाहेरच्या उतारावर मंडळाची सफरचंदांची बाग आहे. रीत अशी, की गावात जे कुटुंब राहायला येईल त्याने तिथे एक झाड लावायचं आणि आपलं नाव ठोकलेली पत्र्याची पाटी तारेने त्याला बांधायची. दुसऱ्या महायुद्धानंतर अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्यांनीही झाड लावलं. कुणाचं कुठलं, याची वही कुणी ठेवली नाही. पाट्या होत्या ना!

यंदा मंडळाचा मोठा वर्धापनदिन. त्या दिवशी झाडाझाडापाशी थांबायचं, कुणीतरी पाटी वाचायची आणि जुन्या अध्यक्षीणबाईंनी त्या घराची गोष्ट सांगायची, असं ठरलं. बाई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू. "पुढच्या खेपेला मी नसणार," त्या सभेत म्हणाल्या, "तेव्हा यंदाच नीट ऐकून घ्या."

मी कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. गंज दिसला की माझे हात शिवशिवतात. बागेत गेलो, दिसेल ती पाटी सोडवली, घरी आणून व्हिनेगर ओतलं. सकाळी पाट्या अशा लखलखल्या की बायकोला मुद्दाम हाक मारली.

तिने एक उचलली. "छान. ही कुठल्या झाडाची?"

"सफरचंदाच्या."

"अरे, सगळी सफरचंदाचीच आहेत ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंकडे जाऊन कबुली दिली. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. बाईंना 'तू' म्हणायला माझीच जीभ रेटत नाही. त्या म्हणाल्या, "आल्झो, तर मग असं कर, प्रत्येक झाडाला खडूने नंबर घाल, आणि त्या नंबराचं एकेक फळ घेऊन ये."

मी टोपली घेऊन गेलो. बाईंनी पहिलं सफरचंद हुंगलं, चावलं. "बेकरीवाल्याचं. आंबट. त्याची बायकोही अशीच होती." दुसरं. "हे शिंप्याचं. पहिल्याच हिवाळ्यात सरपणाला तोडायला निघाला होता. माझ्या आईने त्याला कोळसा नेऊन दिला, म्हणून वाचलं." तिसरं त्यांनी थुंकलंच. "जुन्या महापौराचं! फोटोपुरतं लावलं आणि पाणी आम्ही घातलं."

रोज पाच-सहाच, त्याहून जास्त त्यांच्या पोटाला झेपेनात. मी वहीत उतरवून घ्यायचो आणि संध्याकाळी उतारावर जाऊन पाट्या बांधायचो. एका भांडकुदळ घराण्याच्या दोन शाखांची दोन झाडं निघाली, तेव्हा तर बाईंनी दोन्ही फळं पुन्हा मागवली, खात्री म्हणून.

वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी झाडं संपली आणि एक पाटी उरली. नाव वाचलं. बाईंच्याच घराची! बाग तीनदा पालथी घातली. पाटी नसलेलं एकही झाड नाही. म्हणजे सगळ्या गावाची झाडं जागेवर आणि ज्यांनी ती जागेवर आणली त्यांचंच कुणाच्या तरी नावावर चढलेलं. उद्या त्या गावासमोर भलत्याच झाडापाशी उभ्या राहणार होत्या.

पाटी त्यांच्या हातात ठेवली. "बाई, सगळी सापडली. तुमचंच तेवढं सापडत नाही."

त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "कुठून काढलीस?"

"आठवत नाही हो."

"कुंपणापासून?"

"असेल."

बाई इतक्या हसल्या की कवळी सावरावी लागली. "अरे, माझं झाड वादळात पडलं त्याला कितीतरी वर्षं झाली. पाटी मी कुंपणाच्या खांबाला बांधली होती. मला दिसत नाही, पण तुला तर दोन धडधाकट डोळे आहेत. खांब आणि झाड यांतला फरक कळू नये?"